बिनधास्त बाईला मानपत्रात काय म्हणायचं?

खिडकीतली
आमच्या कार्यालयातल्या एक ज्येष्ठ सहकारी लवकरच निवृत्त होतायत आणि मानपत्राचा मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. मी लिहिलं होतं: "बाई बिनधास्त. साहेबांच्या मर्जीतला कागद नियमात बसत नसेल तर सही न करता परत पाठवणार, आणि हसल्या की वरच्या मजल्याला कळणार."

मसुदा सगळ्या टेबलांवरून फिरून आला तेव्हा 'बिनधास्त'भोवती लाल गोल होता. समासात एकाने लिहिलेलं 'निर्भीड?', त्याखाली दुसऱ्याने 'धडाडीच्या'. तिसरे गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाले, "बिनधास्त बाई म्हटलं की जरा वेगळाच अर्थ निघतो." कोणता ते सांगायची मात्र त्यांना लाज वाटली.

आता 'निर्भीड' म्हटलं की मला संपादक दिसतो, आणि निर्भीड माणूस मोठ्यानं हसताना डोळ्यांपुढे येतच नाही. 'धडाडी'त कामाचा उरक आहे, स्वभाव नाही. मला हवाय असा शब्द: कुणाची भीड नाही, आपण जसे आहोत त्याची लाज नाही, आणि तरी वाईट काही नाही. शोधायला बसले तर वाईट शब्दांचाच ढीग झाला. निर्लज्ज, निलाजरी, बेशरम, कोडगी, निगरगट्ट, निर्ढावलेली, मुर्दाड, उद्धट, उर्मट, मुजोर, शिरजोर, आगाऊ, बेमुर्वत. चांगल्या बाजूला धीट, निडर, बेडर, खमकी आणि मग पेन थांबलं.

तुमच्याकडे काय म्हणतात? शब्द द्याच, पण तो कोण कुणाला कधी म्हणतं तेही लिहा.

दीडशहाणा
ढालगज भवानी. मानपत्रात शोभून दिसेल. (पळालो)

मोडीवाचक
पळू नका, शब्द चांगला काढलात. ढालगजमधली ढाल म्हणजे तलवारीच्या जोडीची ढाल नव्हे. फौजेपुढे हत्तीवरून मोठं निशाण चालायचं, त्यालाही ढाल म्हणत. ते वाहणारा हत्ती तो ढालगज. सगळ्यांच्या पुढे, लांबूनही दिसेल असा, न बिचकता चालणारा. हत्तीला हा केवढा मान! तोच शब्द बाईला लागला की 'चारचौघांत मिरवणारी, कुणाला न जुमानणारी' अशी शिवी झाली. पुरुषाला ढालगज म्हटलेलं मी तरी कधी वाचलेलं नाही.

आणि 'बिनधास्त'बद्दल एक. बिन + धास्त. धास्ती म्हणजे भीती, काळजी. या शब्दात लाजेचा संबंधच नाही! 'निर्धास्त' हा त्याचा सख्खा भाऊ, नुसता उपसर्ग वेगळा. पण 'निर्धास्त राहा' म्हटलं की माणूस चादर ओढून झोपतो, आणि 'ती बिनधास्त राहते' म्हटलं की शेजारचे खिडकीत येतात. दोन शब्दांची घडण एक, नशीब निराळं.

सूत्रधार
मोडीवाचकांच्या प्रतिसादातून एक सूत्र निघतंय. संस्कृत उपसर्ग 'निर्' लागला की शब्द सभ्य होतो, 'बे' आणि 'बिन' लागले की बिघडतो. निर्धास्त चांगला, बिनधास्त संशयित. निर्भीड चांगला, बेमुर्वत वाईट, आणि खरं तर भीड आणि मुर्वत ही जोडगोळीच आहे, आपण 'भीडमुर्वत' असं एका दमात म्हणतो. म्हणजे दोघांत नसलेली गोष्ट एकच, तरी एकाच्या वाट्याला सत्कार आणि दुसऱ्याच्या वाट्याला निंदा. बेछूट, बेताल, बेलगाम, बेदरकार, बेफाम, सगळे एका माळेचे मणी.

पिंपळपान
सूत्र छान आहे, फक्त 'निर्लज्ज' आणि 'निर्ढावलेला' त्यात बसत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूने बेडर, बेधडक, बिनचूक, बिनतोड, बिनतक्रार.
बाकी सूत्र छान आहे.

सांजवारा
मला वाटतं उपसर्गाऐवजी नाम बघावं. काय नाही, त्यावर ठरतं. डर नाही, भीती नाही, धडकी नाही: शाबास. लाज नाही, शरम नाही, चाड नाही: धिक्कार. भीड आणि मुर्वत मधल्या कुंपणावर बसलेल्या, म्हणून त्यांचे शब्द दोन्हीकडे पडतात.

पण लाजेतही दोन लाजा आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. 'लाजणे' वेगळं, 'लाज वाटणे' वेगळं. मुलगी लाजली म्हणजे गाल लाल झाले. तिला लाज वाटली म्हणजे तिने (किंवा बापाने) काहीतरी केलंय. निर्लज्ज हा शब्द दुसऱ्या लाजेचा आहे: वाईट करूनही ज्याला काही वाटत नाही तो. व्यवहारात मात्र जी नुसती लाजत नाही, मान वर करून उत्तर देते, तिलाही तोच शब्द चिकटवतात. तुमच्या मसुद्यावरचा लाल गोल या गोंधळातून आलाय.

'जनाची नाही तर मनाची तरी' ही म्हण बघा. म्हणणाऱ्याला फरक ठाऊक होता. जनाची लाज सुटली तर एक वेळ चालेल, मनाची सुटू नये. तुमच्या बाईंनी जनाची सोडली आणि मनाची ठेवली. नियमाबाहेरच्या कागदावर सही न करणारी बाई निर्लज्ज कशी? सही मागणारा निर्लज्ज.

खिडकीतली
सांजवारा, शेवटची दोन वाक्यं मानपत्रात घालता आली असती तर!

अनुष्टुभ
धागा बघून राहवलं नाही. संस्कृतकडे जाऊन येते, कंटाळा आला तर पुढे सरका.

आपला 'धीट' संस्कृत 'धृष्ट'वरून आला. धृष्ट हा काही कौतुकाचा शब्द नव्हता. काव्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगतात, अनुकूल, दक्षिण, धृष्ट आणि शठ. त्यातला धृष्ट कोण? अपराध पकडला गेलाय, प्रिया रागावते आहे, तरी ज्याच्या चेहऱ्यावर रेषा हलत नाही तो. आजच्या मराठीत शुद्ध कोडगा. त्याच धृष्टाचा प्राकृतातून हिंदीत 'ढीठ' झाला, तो अजून वाईटच आहे: हट्टी, सांगून न ऐकणारा. मराठीत मात्र 'धीट' झाला आणि सुधारला. 'पोरगं धीट आहे हो' म्हणताना आपण पाठ थोपटतो.

'धारिष्ट'चंही तेच, मूळ 'धार्ष्ट्य', म्हणजे उद्धटपणा. मनाच्या श्लोकांत रामदास 'मना श्रेष्ठ धारिष्ट जीवीं धरावे' म्हणतात तेव्हा, म्हणजे सतराव्या शतकात, शब्द पार धुऊन निघालेला दिसतो. गंमत अशी की पंडिती मराठीने मूळ शब्दही ठेवून घेतला. त्यामुळे आज आपल्याकडे दोन्ही आहेत: 'सत्य सांगण्याचं धारिष्ट दाखवलं' आणि 'माझ्यावर आरोप करण्याचं धार्ष्ट्य केलं'. पहिलं आपल्या माणसाचं, दुसरं विरोधकाचं.

आणि सगळ्यांत लांबचा प्रवास 'प्रगल्भ'चा. नायिकेचे मुग्धा, मध्या, प्रगल्भा असे प्रकार. मुग्धा लाजते, मध्या अर्धी लाजते, प्रगल्भा लाजत नाही. संस्कृतात प्रगल्भ म्हणजे धीट, बिनधास्तच. पण प्रगल्भेला 'प्रौढा' असंही म्हणत आले, वयाची जाण तिच्यात होतीच. मराठीने तेवढी जाण घेतली आणि बिनधास्तपणा सोडून दिला. आज 'प्रगल्भ लोकशाही' म्हणताना कुणाला ती नायिका आठवते? (अवांतर: 'प्रौढी' मात्र मराठीत बढाई झाली. प्रौढी मिरवणारे सहसा प्रगल्भ नसतात.)

तेव्हा खिडकीतली, मानपत्रात बेलाशक 'प्रगल्भ' लिहा. समिती खूश होईल, आणि अर्थ काय आहे ते तुम्हाला, मला आणि बाईंना ठाऊक असेल.

मोडीवाचक
दंडवत. वाचनखूण साठवली.

खिडकीतली
'प्रगल्भ'ची युक्ती मोहात पाडतेय! 'धीट' माझ्याही मनात होता, पण आपण तो वापरतो कुणासाठी? लहान मुलांसाठी, नाहीतर पाखरांसाठी. 'चिमण्या इतक्या धीट झाल्यात की ताटाजवळ येतात.' साठीच्या बाईला धीट म्हटलं की तिने पहिल्यांदाच स्टेजवर कविता म्हटल्यासारखं वाटतं.

हट्टी_कोकरू
शब्दांच्या जोड्या लावून बघा, खरी मेख तिथे आहे.

तो परखड, ती फटकळ.
तो स्पष्टवक्ता, ती तोंडाळ.
तो करारी, ती हेकट.
तो रंगेल, ती उठवळ. (ही जोडी तर बघाच. रंगेल म्हाताऱ्याचं कौतुक होतं, उठवळ म्हातारी कुणी ऐकली आहे?)
त्याने ठणकावून सांगितलं, ती वर तोंड करून बोलली.

वागणं तेच, क्रियापद बदललं. 'वर तोंड करून' यात गुन्हा काय, तर तोंड वर केलं. म्हणजे ते खाली असायला हवं होतं.

आणि कायद्यातही हेच. भारतीय दंड संहितेच्या ३५४व्या कलमाला आपण वर्षानुवर्षं विनयभंगाचं कलम म्हणत आलो. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ते ७४वं झालं. क्रमांक बदलला, 'विनय' मात्र बाईकडेच ठेवलेला. पुरुषाच्या अंगी विनय असतो म्हणे, पण तो भंगत नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली ती याच रागातून. स्त्रियांच्या माथी जे जे दुर्गुण मारता ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा सवाल. पुस्तकाची भाषा काढून बघा, आजही कुणीतरी तिला 'फटकळ' म्हणेल.

दीडशहाणा
जोड्या सोयीने लावल्यात. फटकळ म्हातारे मी डझनाने दाखवतो. आणि कोडगा, निगरगट्ट, गेंड्याच्या कातडीचा हे शब्द वर्तमानपत्रात कुणासाठी येतात? पुढाऱ्यांसाठी, आणि ते बहुतेक पुरुषच असतात. बाईला कुणी गेंड्याच्या कातडीची म्हटलंय?

हट्टी_कोकरू
अगदी. पुढाऱ्याला निर्लज्ज म्हणतात तेव्हा त्याने पैसे खाल्लेले असतात. बाईला म्हणतात तेव्हा ती मोठ्यानं हसलेली असते. शब्द एकच, किंमत वेगळी.

वऱ्हाडातला
आमच्याकडे 'बेशरम' हे झाड हाये. नाल्याच्या काठानं, तळ्याच्या कडेनं, पांदणीत, जिकडे पहा तिकडे. जांभळट गुलाबी, भोंग्यासारखी फुलं. नाव बरोबर पडलं त्याचं. काडी तोडून फेकली तरी जिथं पडते तिथं मुळं धरते. पाण्यात जगते, कोरड्यातही तग धरते. गुरं तोंड लावत नाहीत, विषारी हाये. बकऱ्यांनी खाल्लं तर अंगात वारं गेल्यासारख्या लटपटतात. छाटलं तर जोमानं फुटते.

आणि या झाडाचा उपयोग लोकांनी शोधला तो आंदोलनात! रस्त्यातल्या खड्ड्यात बेशरमाची झाडं लावायची, नाहीतर कार्यालयात जाऊन साहेबाच्या टेबलावर बेशरमाच्या फुलांचा गुच्छ ठेवायचा. भाषणाची गरजच नाही. साहेबही समजून जाते, फोटोवालाही.

पण मले या झाडाचं कौतुक वाटते. कोणी पाणी देत नाही, कोणी लावत नाही, तरी जगते. शेताच्या कुंपणाला तेच कामी येते. ज्याची गरज पडते त्याले नाव ठेवायचं ही आपली जुनी रीत.

अनुष्टुभ
वऱ्हाडातला, अप्रतिम. भर घालते: बेशरम हे झाड मूळचं इथलं नाही, उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आलं. आणि लाजाळूही तिथूनच आलेलं! बोट लावलं की पानं मिटणारं लाजाळू आणि तोडलं तरी उगवणारं बेशरम, दोन्ही एकाच मुलुखातले पाहुणे. आपण एकाला शालीन ठरवलं आणि एकाला निलाजरं. लाजाळूला काटे असतात हे आपण सोयीने विसरतो.

घाटमाथा
आमच्याकडे सरसकट 'बेरड' म्हणतात. 'काय बेरड माणूस आहे, दहादा सांगितलं तरी ऐकत नाही.' कोडग्याहून एक पायरी वर. 'निबर' पण चालतं, जून भेंडीसारखा झालेला.

पालावरचा
घाटमाथा, 'निबर' खुशाल वापरा. दुसरा वापरू नका ही विनंती.

बेरड ही एक जमात आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत तिचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१पासून गुन्हेगार जमातींचे कायदे करून अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. मूल जन्मलं की संशयित. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली तो कायदा रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन त्यामुळे पाळतात. कायदा गेला, विशेषण राहिलं.

आणि त्याआधीचा इतिहास विचाराल तर सुरपूरच्या बेरड नायकांनी १७०५ साली वाकिनखेड्याला खुद्द औरंगजेबाला तळ ठोकून बसायला लावलं होतं. दिल्लीच्या पातशहाला न घाबरणाऱ्यांच्या नावाचा अर्थ कोशात काय दिलाय? निर्लज्ज, निगरगट्ट. 'शूर' असाही देता आला असता.

दीडशहाणा
मान्य, पण मग भामटा सोडा, अजून कितीतरी सोडा. शब्द झिजत झिजत येतो, बोलणाऱ्याच्या मनात जमात नसतेच. मूळ कुणाला ठाऊक असतं?

पालावरचा
शाळेत हजेरीला ज्याच्या नावापुढे तो शब्द येतो, त्याला ठाऊक असतं.

पिंपळपान
+१. आणि मराठीत निर्लज्जपणासाठी शब्दांचा दुष्काळ नाही हे धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये दाखवलंय. एक कमी झाला तर भाषा अडणार नाही.

फिरता_विक्रेता
सगळे लाजेची बाजू घेताय, तर थोडं कोडगेपणाच्या बाजूने बोलतो. पोटासाठी दारं वाजवायचं काम केलंय. पहिल्या आठवड्यात दार तोंडावर आपटलं की जेवण जात नाही. पुढे कळतं की दार आपटणारा तुमच्यावर चिडलेला नसतो, त्याची झोपमोड झालेली असते. मग तुम्ही 'पुन्हा येतो साहेब' म्हणून पुढची बेल वाजवता. याला आमच्या धंद्यात 'चामडी जाड होणे' म्हणतात, आणि नव्या पोराची चामडी जाड झाली की त्याला शाबासकी मिळते.

त्यातही दर्जे आहेत बरं. धीट तो पहिल्यांदा बेल वाजवतो. कोडगा तो नकार ऐकून पुन्हा वाजवतो. लोचट तो नको म्हटल्यावरही दारात उभा राहतो. आणि निर्लज्ज तो खोटं सांगून माल गळ्यात मारतो. पहिल्या दोघांचं घर चालतं, तिसऱ्याला लोक टाळतात, चौथ्याला गाव बदलावं लागतं. बाहेरच्यांना हे चारही सारखेच दिसतात.

उधारी वसूल करताना तर लाज धरलीत की बुडालात. आपलेच पैसे मागायला आपणच ओशाळतो, हे कसलं शालीनपण? 'भीड भिकेची बहीण' ही म्हण ज्याने केली त्याची उधारी नक्की थकलेली असणार.

अनुष्टुभ
तुमच्या बाजूने चाणक्य उभा आहे. त्याच्या नावावरच्या नीतीत श्लोक आहे: 'धनधान्यप्रयोगेषु विद्यासंग्रहणेषु च । आहारे व्यवहारे च त्यक्तलज्जः सुखी भवेत् ॥' पैशाअडक्याचे व्यवहार, शिकणं, जेवण आणि देणंघेणं यांत लाज सोडणारा सुखी होतो. 'निर्लज्जम् सदासुखी' असं जे आपण थट्टेनं म्हणतो त्यापेक्षा हे बरंच मोजूनमापून सांगितलेलं आहे. विद्येचा उल्लेख मला फार आवडतो. वर्गात 'मला कळलं नाही' म्हणायला जी लाज सोडावी लागते तिला मराठीत कुठे शब्द आहे?

पण त्याच पोथीत पुढे हेही आहे: 'सलज्जा गणिका नष्टा निर्लज्जाश्च कुलाङ्गनाः'. लाजणारी गणिका बुडाली आणि न लाजणारी कुलस्त्रीही. म्हणजे सुखी होण्यासाठी लाज सोडायची मुभा कुणाला होती ते बघा. हट्टी कोकरूच्या जोड्या तिथपर्यंत मागे जातात.

सांजवारा
यावर जनाबाईचं उत्तर ऐकवल्याशिवाय राहवत नाही.

'डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारीं जाईन मी'. आणि शेवटी 'जनी म्हणे देवा मी झालें येसवा । निघाले केशवा घर तुझें'. येसवा म्हणजे वेश्या. लोक जे म्हणणार ते तिने स्वतःच आधी म्हणून टाकलं. आता तुम्ही काय म्हणाल? वर हातात टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन 'आतां मज मना कोण करी' असं विचारते. यात विनवणी नाही, तक्रार नाही. हा आवाज धीट नाही, निर्भीड नाही, खमका नाही. धागाकर्ती शोधतेय तो शब्द या अभंगात नाही, पण ते वागणं पुरेपूर आहे.

नवखी
माझी इथे पहिलीच पोस्ट. तुम्ही जे लोकांचा शब्द आधी आपणच घेण्याबद्दल लिहिलंत तसं २०११मध्ये दिल्लीत झालं होतं ना? जुलैअखेरीस जंतरमंतरला 'बेशर्मी मोर्चा' निघाला होता. टोरांटोत त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेल्या मोर्चांचं इथलं रूप. मुली म्हणत होत्या, कपड्यांवरून बेशरम ठरवता तर ठरवा, बेशरम तर बेशरम, आणि लाज छेडणाऱ्याला वाटू दे.

आमच्या वयाच्या मुली 'बिनधास्त' किंवा 'बिंदास' स्वतःबद्दल सहज म्हणतात. त्यात आव्हान वगैरे काही नसतं. 'बिनधास्त ये घरी' म्हणजे संकोच करू नकोस, एवढंच. आईला मात्र अजून दोन अर्थ ऐकू येतात.

पिंपळपान
स्वागत. 'बिंदास'चा प्रवास मजेचा आहे. आपला बिनधास्त मुंबईत हिंदीच्या तोंडी बसला, मधला 'ध' झिजला, आणि तिथून सिनेमा-जाहिरातींतून परत आपल्याकडे आला तेव्हा त्यातली धास्तीच कुणाला दिसेना. बिंदास म्हणजे मजेत, मोकळं, झकास. माहेरी आलेल्या लेकीला माहेरचे ओळखेनात अशी गत.

मोर्च्याबद्दल मात्र मला शंका आहे. शिवी अंगावर घेऊन मिरवली तर ती बोथट होते असं म्हणतात. कधी कधी होतेही. पण जिला रोज एस.टी. स्टँडवर ती ऐकायची असते तिच्यासाठी ती तशीच धारदार राहते. शहरातल्या एका दुपारी शब्द पालटत नाहीत.

हट्टी_कोकरू
धृष्टचा धीट व्हायलाही एक दुपार पुरली नव्हती. कुणीतरी सुरुवात केलीच असेल.

घाटमाथा
'खमकी'वर कुणीच बोललं नाही. आमच्याकडे तोच शब्द या बाईंना लावला असता. सरपंच खमकी आहे, मास्तरीण खमकी आहे. वजनदार शब्द आहे, त्यात पदर-बिदर काही येत नाही आणि पुरुषालाही तसाच लागतो: खमक्या.

खिडकीतली
घाटमाथा, 'खमकी' सुचवून पाहिला. समितीतले ते तिसरे गृहस्थ म्हणाले की त्यात भांडखोरपणा येतो. 'प्रगल्भ' सगळ्यांना आवडला आणि त्यामुळे माझाच उत्साह गेला. शेवटी मी बाईंनाच विचारलं, मानपत्र गुपित वगैरे गेलं खड्ड्यात. त्या म्हणाल्या, "बिनधास्तच लिही. नोकरीला लागले तेव्हा पाठीमागे म्हणायचे, आता समोर वाचून दाखवू देत."

तर तो शब्द राहिला. बदल्यात हसण्याचं वाक्य कापलं गेलं. 'गांभीर्याला बाधा येते' म्हणे. बाईंना सांगितल्यावर त्या कशा हसल्या ते लिहायची गरज नाही.

दीडशहाणा
बाईंना माझा नमस्कार सांगा. ढालगज शब्द सन्मानाने मागे घेतो, हत्तीच्या अर्थाने पुन्हा देतो.

बरं, एक राहिलं. इतका वेळ धीट बाईच्या कपाळी काय येतं त्यावर बोललो. न धजणाऱ्या पुरुषाला काय म्हणतात? मुखदुर्बळ, बुळा, शेळपट, भागूबाई, बायल्या. पोरगी बुजरी असली तर 'गुणाची आहे', पोरगा बुजरा असला तर 'याचं कसं व्हायचं'. मी स्वतः जन्मजात भिडस्त. चार लोकांत बोलायचं तर घसा कोरडा पडतो, इथे टंकायला काय जातंय. तेव्हा धृष्टपणाची मक्तेदारी आम्हाला दिलीत हे कबूल, पण ती नको असलेल्यांची सोय काय?

हट्टी_कोकरू
भागूबाई आणि बायल्या. दोन्ही शिव्यांत बाई आहे हे पाहिलंत ना? लाजणाऱ्या पुरुषाला द्यायची शिवीसुद्धा आमच्याच खात्यातून काढलेली.

दीडशहाणा
पाहिलं. आता 'शेळपट'मधल्या शेळीकडे तेवढी तक्रार नेऊ नका.

फिरता_विक्रेता
भिडस्त विक्रेते माल जास्त खपवतात, हा अनुभव आहे. घाईघाईने सांगत नाहीत म्हणून गिऱ्हाईक दार उघडं ठेवतं. नोकरी हवी असेल तर कळवा.